गार्डनला कुलूप असेल तर ते उघडून घ्यायचं कसं

नवी मुंबईत नेरूळला आमच्या बिल्डिंगमागच्या सार्वजनिक गार्डनला शेजारच्या सोसायटीने स्वतःचं कुलूप ठोकलं होतं, आत झोपाळा रिकामा आणि बाहेर पोरं गज धरून उभी, बघून जीव तुटायचा. तेव्हा जे शिकले ते सांगते.

भांडायला जाऊ नका, आधी कागद काढा. प्लॉट आणि सेक्टर नंबर घेऊन महापालिकेत विकास आराखड्यात त्या जागेवर काय आरक्षण आहे, म्हणजे ती कशासाठी राखून ठेवलीय, ते बघा. नवी मुंबईत गोम अशी की जमीन मुळात सिडकोची, म्हणजे हे शहर वसवणाऱ्या सरकारी कंपनीची, त्यामुळे प्लॉट पालिकेकडे हस्तांतरित झालाय की नाही हे कळल्याशिवाय अर्ज कुणाकडे करायचा तेच ठरत नाही.

मग माहिती अधिकाराचा अर्ज टाका. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. "गार्डन बंद का?" असं विचारू नका, सरळ कागद मागा, म्हणजे हस्तांतराचं पत्र, मोजणी नकाशा, देखभालीचा करार, गार्डन उघडं ठेवायच्या वेळेचा आदेश. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, त्याला २० रुपये.

उत्तर हातात आलं की वॉर्ड ऑफिसला सह्यांचं निवेदन द्या, आणि पोच शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. सह्या घेताना घरकाम करणाऱ्या ताई, वॉचमनकाका यांना आधी विचारा, त्यांच्या पोरांना खेळायला दुसरी जागाच नसते हो.

आणि कुलूपवाल्यांशीही बोला, त्यांना रात्रीच्या गोंगाटाची भीती असते, ती खोटी नाही. आम्ही वेळ लिहून दिली, सकाळी ६ ते रात्री ९, मग चावी मिळाली.