या चुका टाळा: स्नायूंची नावं पाठ आहेत, तरी चित्रातला माणूस उभा का राहत नाही?

फोंड्यात रविवारी सकाळी माझ्याकडे रेखाटन शिकायला मुलं येतात. बहुतेकांना पणजीत आल्तिनोवरच्या गोवा कला महाविद्यालयात प्रवेश हवा असतो, काही जण नोकरी सांभाळून केवळ आवडीनं येतात. यातली निम्मी मंडळी पहिल्याच दिवशी डेल्टॉइड, ट्रायसेप्स, सार्टोरियस अशी नावं घडाघडा म्हणून दाखवतात. मी म्हणते, छान, आता खिडकीपाशी तो उभा आहे ना, त्याला पाच मिनिटांत काढा. वहीत उमटतो तो दोरीवर वाळत घातल्यासारखा माणूस. पाय जमिनीला टेकलेले असतात, पण अंगाचं वजन कुठेच उतरलेलं नसतं.

शरीररचना शिकायलाच हवी. पण बहुतेक जण ती तक्त्यावरून शिकतात, आणि तक्त्यातला माणूस समोर तोंड करून, हात बाजूला सोडून, काहीही न करता उभा असतो. आपण काढतो ती माणसं मात्र सतत काहीतरी करत असतात, निदान कंटाळून एका पायावर रेललेली असतात. पुढच्या बहुतेक चुका इथून उगवतात. त्यांच्यावरचा माझा पहिला उपायही बहुतेक वेळा तोच असतो: पेन्सिल खाली ठेवा आणि स्वतःचं अंग चाचपा.

वजन कुठे गेलं?

चोडणच्या फेरीबोटीत उभ्या असलेल्या माणसांकडे बघा. दोन्ही पायांवर सारखा भार टाकून फार वेळ कुणी उभं राहत नाही. भार एका पायावर गेला की त्या बाजूची कंबर वर चढते आणि दुसरी उतरते. तोल सावरायला खांदे उलट कलतात, म्हणजे भाराच्या बाजूचा खांदा खाली येतो. या दोन उलट्या कलांना जोडताना कणा वळण घेतो. विद्यार्थी खांद्यांची आणि कमरेची रेघ समांतर ठेवतात आणि एक गुडघा वाकवून माणूस सैल उभा आहे असं दाखवायला जातात. ते फसतं, कारण गुडघा वाकतो तो कंबर कलल्यामुळे. कंबर सरळ ठेवून नुसता गुडघा वाकवला की पाय आखूड दिसतो, एवढंच.

उभे राहा. कमरेच्या हाडाची पुढची दोन टोकं हाताला लागतात, त्यांवर एकेक बोट ठेवा. आता भार या पायावरून त्या पायावर न्या. बोटं तराजूच्या पारड्यांसारखी वरखाली होतील. हे बोटांना कळलं की डोळ्यांना दिसायला लागतं. मी चित्रात चेहऱ्याच्याही आधी ही दोन टोकं आणि दोन खांदे असे चार ठिपके मांडायला लावते.

दुसरी तपासणी गवंड्याकडून घेतलेली आहे, ओळंब्याची. दोऱ्याला किल्ली बांधा, हात लांब करून दोरा समोरच्या माणसाच्या गळ्याच्या खाचेवरून खाली सोडा. एका पायावर सैल उभ्या माणसात तो भाराच्या पायाच्या घोट्याजवळ येतो, दोन्ही पायांवर भार असेल तर पावलांच्या मध्ये. चित्रात तो पावलांच्या बाहेर जात असेल तर तुमचा माणूस पडतोय, किंवा त्याला कशाचा तरी आधार आहे. आधार असेल तर तो चित्रात कळला पाहिजे. किनाऱ्यावर रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, ओढणारे बघा. टाचा वाळूत रोवून ते मागे रेललेले असतात, ओळंबा पावलांच्या मागे पडतो आणि दोर त्यांना सावरून धरतो. मुलं हे दृश्य काढताना माणसांना ताठ ठेवतात आणि कोपरं वाकवतात, जणू ओढण्याचं काम हातच करतात. जोर पायांचा आणि पाठीचा असतो, हात बऱ्याचदा दोरासारखेच ताणलेले असतात.

पणजीत जुन्या सचिवालयाजवळ संमोहनविद्येचा गोमंतकीय अभ्यासक आबे फारिया याचा पुतळा आहे, शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी १९४५ साली घडवलेला. हात पसरून पुढे झुकलेला फारिया आणि संमोहित होऊन मागे ढळणारी स्त्री. एकाचा तोल त्याच्या ताब्यात आहे, दुसरीचा सुटलेला आहे. दोरा आणि किल्ली घेऊन तिथे अर्धा तास उभे राहा. पुतळ्याला चारही बाजूंनी बघता येतं, आणि तो हलत नाही, ही नवशिक्यासाठी फार मोठी सोय आहे.

अंग बटाट्यांच्या पोत्यासारखं दिसतं

प्रत्येक स्नायू फुगवून काढला की असं होतं. स्नायू एका हाडावर सुरू होतो, सांधा ओलांडतो आणि दुसऱ्या हाडावर संपतो. आखडतो तेव्हा तो सांधा हलतो. कोपर वाकवताना दंडाचा पुढचा स्नायू आखडतो, त्या वेळी मागचा सहसा सैल असतो. उजव्या हातानं डावा दंड पुढून-मागून धरा आणि टेबलाची कड खालून वर उचलायचा प्रयत्न करा. पुढची बाजू दगड होईल, मागची मऊच राहील. मग तीच कड वरून खाली दाबा, उलट होईल. चित्रात काम करणाऱ्या बाजूची रेघ फुगीर आणि ठाम ठेवा, आराम करणारीची लांब आणि शांत. दोन्ही बाजूंना सारखेच उंचवटे समोरासमोर आले की हातपाय मण्यांच्या माळेसारखे दिसतात. पोटरीतच बघा. बाहेरचा फुगवटा वर असतो, आतला खाली. घोट्यात हे उलटं होतं, आतलं हाड वर आणि बाहेरचं खाली.

म्हणूनच मी आधी कातडीजवळ येणारी हाडं शिकवते: गळ्याची खाच, खांद्याचं टोक, कोपर, मनगट, कमरेची टोकं, गुडघ्याची वाटी, नडगी, घोटे, मानेच्या मुळाशी लागणारा मणका. माणूस जाड असो की हडकुळा, या जागा बहुधा सापडतातच. शरीरात २०६ हाडं आहेत, पण पहिल्या वर्षाला या वीसेक खुणा पुरतात.

हात वर केला की खांदा मोडतो

ही चूक मला सर्वांत जास्त दिसते आणि तिच्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवते. हात खाली असतानाचा खांदा मुलांना जमतो. मग आंबे काढणारा किंवा नारळ पाडायला माडावर चढणारा पाडेली काढायचा असला की तोच खांदा तिथेच ठेवून हात वर चिकटवतात, बाहुलीचा हात फिरवावा तसा. चित्र बघणाऱ्याला चूक सांगता येत नाही, पण कुठेतरी दुखतंय असं वाटतं.

हात धडाला हाडानं जोडलेला आहे तो फक्त एका ठिकाणी, गळ्याच्या खाचेशी, जिथे कॉलरबोन छातीच्या हाडाला भेटतं. पाठीवरचा खवाटा, म्हणजे खांद्यामागचं तिकोनी हाड, बरगड्यांना सांध्यानं जोडलेला नाही. तो स्नायूंच्या गादीवर सरकतो. हात डोक्यावर सरळ नेताना साधारण १८० अंशांचा प्रवास होतो, त्यातले सुमारे १२० खांद्याच्या सांध्यात आणि ६० खवाट्याच्या फिरण्यात. म्हणजे तिसरा हिस्सा पाठीचा. तो हिस्सा वगळला की खांदा मोडणारच.

हे मला पुस्तकातून उमगलं नाही. लहानपणी वडील उघड्या अंगानं विहिरीतून पाणी ओढायचे, आणि पाठीवरची ती दोन तिकोनी हाडं कातडीखाली आळीपाळीनं सरकताना मी कितीतरी वेळ बघत बसायची. पुढे तक्त्यात खवाटा भेटला तेव्हा तो खिळ्यानं ठोकल्यासारखा स्थिर होता, आणि मीही वर्षभर तसाच काढत राहिले. विहीर आठवली तेव्हा कुठे पाठ जिवंत झाली.

जोडीनं करून बघा. मित्राच्या खवाट्याच्या खालच्या टोकावर अंगठा ठेवा आणि त्याला हात हळूहळू बाजूनं वर न्यायला सांगा. सुरुवातीला टोक फारसं हलत नाही, मग बाहेर, काखेकडे सरकत जातं. त्याच वेळी पुढे कॉलरबोनचं बाहेरचं टोक वर उचललं जातं. चित्रात क्रम असाच ठेवा: आधी कॉलरबोनचा कल, मग खांद्याचं टोक, मग दंड. दंडापासून सुरुवात केली की बाकीचं कधीच जुळत नाही.

पालथा पडणारा हात

तळहात पुढे असताना कोपर ते मनगट यांतली दोन हाडं शेजारी-शेजारी असतात. तळहात मागे वळवला की अंगठ्याकडचं हाड करंगळीकडच्या हाडावरून आडवं जातं. मनगट वळतंय असं वाटतं, पण वळण कोपरापासून सुरू होतं. टेबलावर कोपर टेकवून कुलपात किल्ली फिरवल्यासारखं करा आणि दुसऱ्या हातानं मधला भाग धरा, सगळं मांस पीळ घेताना जाणवेल. चित्रात हात नुसता मनगटाशी वळवला तर तो जोडकामाचा दिसतो.

बोटांबद्दल एकच गोष्ट. पंजाच्या मागून मोजलं तर बोट लांब भरतं, तळव्याकडून आखूड, कारण बोटांमधली कातडी तळव्याच्या बाजूनं पुढे येते. दोन्हीकडून सारखी लांबी काढणं ही फार जुनी सवय आहे, मोडा.

साडेसात डोकी आणि नवताल

प्रमाणाचा एक गोंधळ आपल्याकडे खास होतो. देवाच्या मूर्तीसाठी नवताल हे माप मुलांच्या कानावर पडलेलं असतं आणि इंटरनेटवर साडेसात किंवा आठ डोकी दिसतात. मग विचारतात, माणूस नऊ डोक्यांचा की साडेसात? दोन्ही मापं वेगळी आहेत. ताल म्हणजे चेहरा, कपाळावरच्या केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंत, १२ अंगुळं. नवतालाची मूर्ती १०८ अंगुळांची. डोकं मोजताना मात्र टाळूपासून हनुवटीपर्यंत मोजतात, म्हणून आकडा लहान येतो. एका पद्धतीचा आकडा दुसऱ्या पद्धतीनं मोजला की नऊ डोक्यांचा, लांबुडका माणूस तयार होतो.

आकड्यांपेक्षा शरीरातल्या शरीरात केलेली तुलना जास्त कामाची. मोठ्या माणसाच्या उंचीचा मध्य बेंबीपाशी नसून जांघेच्या आसपास येतो. हात सोडले की मनगट खुब्याजवळ आणि बोटांची टोकं मांडीच्या मध्याकडे येतात. डोळे डोक्याच्या निम्म्या उंचीवर असतात, कपाळाला आपण नेहमीच कमी जागा देतो. नवजात बाळ चार डोक्यांचं असतं. म्हणूनच मोठ्या माणसाला लहान आकारात काढून मूल दाखवता येत नाही.

आणि हो, मान. ती बाटलीच्या बुचासारखी सरळ नसते. मागे ती उंचावरून सुरू होते, पुढे खालपर्यंत उतरते, आणि डोकं नेहमी थोडं पुढे असतं. कानामागच्या हाडापासून गळ्याच्या खाचेकडे येणारी दोरीसारखी रेघ डोकं वळवलं की लगेच उठते, आरशात बघून काढा.

फोटोवरून शिकताना

मॉडेल मिळत नाही ही तक्रार खरी आहे. मग भावाचा फोटो दोन हातांच्या अंतरावरून काढला जातो, डोकं मोठं येतं, पावलं इवलीशी, आणि तेच प्रमाण वहीत उतरतं. कॅमेरा जवळ असला की जवळचं फार मोठं आणि लांबचं फार लहान दिसतं. चार-पाच मीटर मागे जा, फोन छातीच्या किंवा कमरेच्या उंचीवर धरा आणि झूम करा. तरीही माझा आग्रह आहे की दर फोटोमागे निदान एक रेखाटन जिवंत माणसाचं व्हावं, कपड्यांतला असला तरी चालेल. किनाऱ्यावर पोहणाऱ्यांना काढायचं असेल तर लांबून काढा किंवा जाऊन विचारा. नकळत फोटो घेऊन घरी नेऊ नका. ज्याचं शरीर आपण शिकतोय त्याचा मान आपण राखायलाच हवा.

पणजीत फोंताइन्हासला फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेत सांग्यात जन्मलेले चित्रकार आंतोनियो शावियर त्रिंदाद (१८७०–१९३५) यांच्या चित्रांचा संग्रह आहे. तिथे गेलात तर चेहऱ्यांवरून नजर काढून मान खांद्यात कशी रुजते आणि बसलेल्या माणसाचं वजन कुठे उतरतं ते बघा.

आणि आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलला देवकीकृष्णाच्या मैदानावर चिखलकाला, म्हणजे चिखलात खेळण्याचा उत्सव, असतो. अंगभर चिखल माखला की कातडीचा रंग, केस, तीळ, सगळं नाहीसं होतं आणि उरतो नुसता आकार. ओल्या चिखलावर पावसाळी उजेड पडला की खवाटा, बरगड्यांचा कड, पाठीच्या मधली पन्हळ मातीच्या मूर्तीसारखी स्पष्ट दिसते. पावसात कागद लिबलिबीत होतो आणि कोळसा त्यावर नीट बसत नाही, म्हणून जाड मऊ पेन्सिल आणि पुठ्ठ्याला चिमटा लावलेले सुटे कागद घ्या, वर प्लॅस्टिक. खेळणाऱ्यांच्या वाटेत येऊ नका, कडेला उभे राहा. एका आकृतीला वीस सेकंदांहून जास्त मिळणार नाहीत. खांद्यांचे दोन ठिपके, कमरेचे दोन, मधला कणा, भाराचा पाय. एवढं आलं की पुढचा कागद घ्या.