पार्किंग लाइटचा फ्यूज सारखा उडत होता

माझ्या जुन्या गाडीत पार्किंग लाइट लावले की १० अँपिअरचा फ्यूज उडायचा, पण दर वेळी नाही. अशा वेळी २० अँपिअरचा टाकून मोकळं व्हा, असा सल्ला हमखास मिळतो. तो अजिबात ऐकू नका. फ्यूज वायरीला वाचवायला असतो. मोठा टाकला तर तो वितळण्याआधी वायरीचं प्लास्टिक जळू शकतं, आणि आग लागायला तेवढं पुरतं.

फ्यूज असा उडतो म्हणजे बहुधा कुठेतरी शॉर्ट असतो, उघडी वायर गाडीच्या बॉडीला टेकून करंट भलत्याच वाटेने जातो. तो शोधायला मी फ्यूजच्या जागी इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब जोडला. त्यातून साधारण पावणेदोन अँपिअरच करंट जातो, म्हणून शॉर्ट असला तरी काही जळत नाही. त्या सर्किटवरचे सगळे बल्ब आधी काढले, डॅशबोर्डचेसुद्धा. नाहीतर त्यांच्यातून करंट वाहतो आणि फसगत होते. आता बल्ब पेटला म्हणजे शॉर्ट.

मग वायरींचा जुडगा जागोजागी हलवत गेलो. डिकीचं झाकण वरखाली केलं आणि बल्ब मिचमिचायला लागला! बिजागरीपाशी नंबरप्लेटच्या लाइटची वायर घासून तांबं उघडं पडलं होतं, ते बॉडीला टेकत होतं. जुन्या गाडीत ही जागा आधी बघाच, दर उघडझापीला वायर तिथे वाकते.

बॅटरीची निगेटिव्ह केबल काढली, खराब तुकडा कापून त्याच जाडीची वायर सोल्डर केली. जोड मात्र बिजागरीपासून लांब घेतला, कारण सोल्डरपाशी वायर वाकत राहिली की तुटते. वर हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केली की आकसून घट्ट बसणारी प्लास्टिकची नळी चढवली. चिकटपट्टी उन्हाने सुटते. आता १० अँपिअरचाच फ्यूज व्यवस्थित टिकून आहे.