दौरामाची गोष्ट पोरांना कशी सांगावी

अमळनेर-पारोळ्याकडच्या विहिरी वैशाखात तळाला गेल्या, की ही गोष्ट सांगायला घ्या. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आखाजीच्या सुटीत गल्लीतली पोरं ओट्यावर गोळा झाली, की मी त्यांना दौरामा राणीची गोष्ट सांगते. ज्या पोराने टँकरपाशी हंडा धरलाय, त्याला पाणी आठवड्यातून एकदाच मिळतं म्हणजे काय, हे वेगळं समजवावं लागत नाही.

आधी मातीत काडीने आफ्रिका काढा. मध्यावर, जरा वरच्या अंगाला चाड सरोवर, त्याच्या पश्चिमेला बोर्नो हे जुनं राज्य आणि आणखी पश्चिमेला दौरा. हे गाव आज उत्तर नायजेरियाच्या कात्सिना राज्यात आहे. कुसुगु नावाची ती विहीर तिथे आजही दाखवतात. हे ऐकलं की पोरं सरसावून बसतात. मग सांगा, ही तिथल्या हौसा लोकांची दंतकथा आहे. म्हणून मध्ये मध्ये ‘असं म्हणतात’ हे शब्द येऊ द्या.

हौसा आजी गोष्ट सुरू करताना म्हणते, ‘गा ता नान, गा ता नान कू’, आणि पोरं ओरडतात, ‘ता झो मू जी ता!’ म्हणजे गोष्ट आली, येऊ द्या, ऐकू या. आपल्या पोरांकडून हे दोनदा म्हणवून घ्या.

बहुतेक जण सुरुवात बगदादहून आलेल्या राजपुत्रापासून, बायाजिद्दापासून करतात. तसं करू नका, नाहीतर राणी शेवटी बक्षीस म्हणून उरते. सुरुवात गादीपासून करा. दौरा गावावर बायकाच राज्य करत आल्या होत्या. कुफुरू, याकुमो, गिझिरगिझिर, इन्नागारी ही त्यांतली काही नावं. तालात म्हणा, पोरांना पाठ होतात. त्या परंपरेतली ही दौरामा. तिच्या गावच्या विहिरीत सार्की नावाचा साप, आणि तो फक्त शुक्रवारी पाणी भरू देतो.

आता बायाजिद्दाला आणा. रात्री तो आयाना नावाच्या म्हातारीकडे पाणी मागतो. तिचं बोलणं मी अहिराणीत करते, ‘आज शुक्रवार नही शे, बेटा. पानी नही भेटस.’ तो ऐकत नाही, पोहरा सोडतो, दोराबरोबर साप वर येतो. मुंडकं उडवून तो ते पिशवीत टाकतो, पाणी पितो आणि झोपतो. हा भाग झटकन संपवा. नागपंचमीला पूजा करणारी पोरं सापाला का मारलं म्हणून हळहळतात. त्यांना गप्प करू नका. गावात साप निघाला तर सर्पमित्राला बोलवायचं, हेही तिथेच सांगून टाका.

खरं रमायचं ते सकाळी. विहिरीपाशी साप मरून पडलाय. मारणाऱ्याला अर्धं गाव देईन, असं राणी जाहीर करते, आणि भराभर लोक सापाची मुंडकी घेऊन हजर होतात. ती प्रत्येक मुंडकं धडाला लावून बघते. एकही जुळत नाही. इथे घाई केलीत तर गोष्ट वाया गेली. एकेका पोराला दावेदार करा, आणि एका मुलीला राणी म्हणून ओट्यावर उभी करा. निवाडा तिलाच करू द्या. शेवटी आयाना रात्रीच्या पाहुण्याबद्दल सांगते आणि पिशवीतलं मुंडकं बरोबर बसतं. तो अर्धं गाव नको म्हणतो, लग्नाची मागणी घालतो, आणि ती कबूल होते.

पुढचा भाग पाचवीच्या वरच्या पोरांनाच सांगा, पण काहीही न लपवता. राणीने त्याला बागवारिया नावाची दासी दिली. तिला मुलगा झाला, नंतर दौरामाला बावो झाला. बावोचे सहा मुलगे आणि बायाजिद्दाला बोर्नोच्या राजकन्येपासून झालेला बिराम, यांची मिळून सात हौसा राज्यं: दौरा, कानो, कात्सिना, झाझाऊ, गोबिर, रानो, बिराम. सात पोरं उभी करून प्रत्येकाला एकेक गाव द्या. परंपरेने कानो आणि रानोकडे निळीने कापड रंगवायचं काम होतं. कापूस वेचलेल्या पोरांना हे काम लगेच आपलं वाटतं.

एखादी मुलगी विचारतेच, ‘मंग रानीनं राज्य कोठे गये?’ प्रश्न टाळू नका. बायकांच्या हातची सत्ता पुरुषांकडे गेली त्याची आठवण या कथेत आहे, असं अनेक अभ्यासक मानतात, हे तिला सरळ सांगा. तात्पर्य विचारू नका. राणीने अर्धं गाव देऊ केलं ते बरोबर होतं का, यावर पोरांना भांडू द्या. दुसऱ्या दिवशी झाझाऊची अमिना घ्या, घोड्यावरून फौज नेणारी. तिच्यासाठी नकाशा मोठा काढावा लागेल, अंगण आधी झाडून ठेवा.