पद्मिनीचं इंजिन घरी उतरवायच्या आधी

इंजिन उतरवायला एक दिवस पुरतो, खोलायला अजून एक. मागच्या वेळी मी जानेवारीत गड्डा, म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा, संपली त्या आठवड्यात पद्मिनी गाडीचं इंजिन काढून अंगणात ठेवलं आणि ते परत गाडीत बसलं तेव्हा दुसरा गड्डा तोंडावर आलेला. अकरा महिने गाडी विटांच्या बाजूला तोंड उघडं टाकून उभी, येणारा जाणारा विचारतोय काय ओ, विकायची का. चूक कुणाचीच नाही, माझीच. आधी बोर मारून घेतला, म्हणजे झिजलेलं सिलिंडरचं भोक मोठं करून घेतलं, आणि मग त्या साइजचा पिस्टन शोधायला निघालो. तो मिळंना. तवापासनं माझं एकच म्हणणं आहे, इंजिन खाली घ्यायची तयारी करूच नका, ते परत वर घालायची तयारी करा, ती झाली की खाली घेणं आपोआप होतं. आता दुसऱ्यांदा शेजारच्या काकांच्या गाडीचं काढायचंय म्हणून हे सगळं लिहून काढलं, कुणाला उपयोग झाला तर बघा.

गाडी हँडलला गिअर असलेली जुनी पद्मिनी. १०८९ सीसी, ६८ मिमीचा बोर, ७५ मिमीचा स्ट्रोक, चार सिलिंडर, ब्लॉक (सिलिंडरचा मुख्य ठोकळा) बिडाचा, हेड (त्याच्यावरचं झाकण) ॲल्युमिनियमचं, पुशरॉडवालं साधं इंजिन, घरी करण्यासारखंच. आणि ही गाडी बनवणारी प्रीमियर ज्यांनी १९४४ साली काढली ते वालचंद हिराचंद जन्मले आपल्या सोलापुरातच, १८८२ ला, त्यामुळं सोलापूरकरानं तरी पद्मिनी भंगारात घालू नये असं मला वाटतं. असो.

पहिलं म्हणजे इंजिन खरंच खोलायची गरज आहे का ते बघा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, पण सकाळी स्टार्ट करताना एकदा भसकन येऊन बंद होत असेल तर बहुतेक व्हॉल्व गाइडचं काम आहे, ते नुसतं हेड काढून होतं, अख्खं इंजिन कशाला उतरवता. काळा धूर असला तर आधी कार्ब्युरेटर बघा. पांढरी वाफ आणि रेडिएटरचं पाणी कमी होतंय म्हटल्यावर हेड गॅसकेट. कॉम्प्रेशन गेज कुणाकडनं तरी मागून आणा, चारी प्लग काढून इंजिन गरम असताना एकेक सिलिंडर बघा, आकडा कमी आला त्यात चमचाभर ऑइल सोडून परत बघा, आकडा वर आला तर रिंगा आणि बोर, नाही आला तर व्हॉल्व नाहीतर गॅसकेट. हे चार आकडे वहीत लिहून ठेवा, काम झाल्यावर तुलनेला लागतात.

मग कागद. ब्लॉकवरचा इंजिन नंबर घासून स्वच्छ करा आणि आरसी बुकाशी जुळवा, फोटो काढून ठेवा. जुन्या गाड्यांत कुणीतरी कधीतरी दुसरा ब्लॉक टाकलेला असतो आणि ते आरसीवर चढवलेलं नसतं, मग पासिंग रिन्यू करायला आरटीओत गेलं की अडकतं. हे इंजिन काढायच्या आधी कळलेलं बरं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, लेथवाला. सोलापुरात बोरिंग, क्रँक ग्राइंडिंगची कामं करणारे आहेत आणि हात चांगले आहेत, पण त्यांच्याकडं ट्रॅक्टर आणि टेम्पोचं काम चोवीस तास पडलेलं असतं, आपली पद्मिनी शेवटच्या नंबरला. त्यामुळं इंजिन काढायच्या आधी जाऊन बसा, चहा घ्या, अण्णा अमुक आठवड्यात ब्लॉक आणतो, चालतंय का विचारा, संक्रांतीच्या आसपास असेल तर ते दुकान उघडं ठेवणार का तेही विचारा. आणि एक गोष्ट त्यांच्या तोंडावर ठरवून घ्या, पिस्टन हातात दिल्याशिवाय बोरला हात लावायचा नाही. क्रम असा, ब्लॉक नेऊन बोर मोजून घ्यायचा, वर मध्ये खाली तीन ठिकाणी आणि दोन्ही दिशांनी, कारण बोर गोल झिजत नाही, वरच्या टोकाला जास्त झिजतो आणि लांबट होतो. मग लेथवाला सांगेल कुठल्या ओव्हरसाइजमध्ये, म्हणजे मूळपेक्षा किती मोठ्या मापाला, साफ होईल, मग त्या साइजचे पिस्टन आणायचे, आणि मग प्रत्येक पिस्टन मोजून त्याच्या मापानं त्याचा त्याचा बोर मारायचा, होनिंग करायचं म्हणजे आतनं बारीक घासून घ्यायचं. क्रँकचं पण तसंच, बेअरिंग शेल (क्रँकभोवती बसणाऱ्या अर्धगोल पट्ट्या) कुठल्या साइजचे मिळतात ते कळल्यावर ग्राइंडिंग. जुने शेल फेकू नका, त्यांच्या पाठीवर साइज ठोकलेली असते, क्रँक आधी किती वेळा घासलाय ते त्यावरनं कळतं. आधीच शेवटच्या साइजला आलेला असला तर दुसरा क्रँक शोधायला लागणार आणि तो खर्च वेगळा.

पार्ट सोलापुरात थोडे मिळतात, बाकीचे पुण्यात नाना पेठेत नाहीतर मुंबईला कुर्ल्यात. मी सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला जातो, जुने पार्ट पिशवीत घेऊन, कारण नुसतं नाव सांगितलं तर काउंटरवरचा माणूस हेच लागतं म्हणून काहीही देतो. गॅसकेट किट घेताना हेडचं गॅसकेट तिथंच जुन्यावर ठेवून भोकं जुळवा. ऑइल सील नखानं दाबून बघा, वर्षानुवर्षं कपाटात पडून कडक झालेली असतात, दिसायला नवी आणि लावली की गळती. यादीत पिस्टन-रिंग, मेन आणि बिग एंडचे शेल, टायमिंग चेन, वॉटर पंपाचं किट, ब्लॉकच्या पाण्याच्या टोप्या (पाण्याच्या वाटांची भोकं बंद करणाऱ्या), इंजिन फाउंडेशनचे रबर, क्लच प्लेट, सगळे होज, थर्मोस्टॅट, हे धरा. टोप्या सगळे विसरतात. पाच-दहा रुपये वाचवायला जुन्याच ठेवल्या आणि इंजिन वर बसल्यावर मागची टोपी गळायला लागली तर परत इंजिन खाली. ऑइल पंप खोलून गिअरची झीज फिलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) बघा, मग ठरवा. पैशाचं म्हणाल तर जो हिशोब निघेल त्यावर तिसरा हिस्सा बाजूला ठेवा आणि घरात आकडा सांगताना तोच सांगा.

आता दिवस कुठले. एप्रिल-मेमध्ये नको, आपल्याकडं पारा चाळीशीच्या वर, पाना उन्हात ठेवला तर उचलता येत नाही आणि दुपारी वारा सुटला की धुरळा सरळ उघड्या बोअरमध्ये. दिवाळी झाल्यावर सुरू करावं. आणि पाणी. रोज नळ न येणाऱ्या गावात लेथवरनं आलेला ब्लॉक धुवायचा म्हणजे पाण्याचा दिवस बघूनच ब्लॉक आणायचा. होनिंगची पूड नुसत्या पेट्रोल-डिझेलनं निघत नाही, गरम पाणी आणि कपड्याचा साबण लावून ब्रशनं घासायला लागतं, पांढरं फडकं बोरमध्ये फिरवलं तर पांढरंच बाहेर आलं पाहिजे, आणि वाळल्या वाळल्या लगेच ऑइलचा हात, नाहीतर तासाभरात तांबूस गंज चढतो. बाटलीब्रशसारखे लांब बारीक ब्रश आधीच आणून ठेवा, क्रँकच्या आणि ब्लॉकच्या ऑइलच्या भोकांतनं घालायला.

फडक्यावरनं आठवलं. आपल्या गावात टॉवेलच्या चिंध्या किलोवर मिळतात, गॅरेजवाले सगळे तेच वापरतात, हात पुसायला एक नंबर. पण इंजिनच्या आत टॉवेलचं फडकं घालू नका. त्याचे धागे सुटतात, ते ऑइलबरोबर फिरत जाऊन पंपाच्या जाळीवर बसतात. आत पुसायला जुनं धुतलेलं धोतर, नाहीतर आज्जीचं सुती लुगडं, त्याला धागा सुटत नाही. आणि सोलापुरी चादर मात्र एक जुनी हवीच, ब्लॉक जमिनीवर ठेवायचा तर तिच्यावर, हेडचा घासलेला पृष्ठभाग फरशीवर टेकला की गेला.

जागा सावलीतली, फरशी सपाट, मातीवर नको. उचलायला एक टनाची चेन कप्पी भाड्यानं मिळते आणि तिच्यासाठी तीन जाड पाइपांची घोडी. स्लॅबच्या पंख्याच्या हुकाला अडकवायचा विचार मनातनं काढा, लिंबाच्या फांदीचा पण काढा. इंजिन शंभर किलोच्या पुढंच धरून चाला. मी गिअरबॉक्स आधी खालनं उतरवतो आणि इंजिन एकटं वर घेतो, कुणी दोन्ही एकत्र काढतात, पण घरच्या घोडीला एकटं इंजिन झेपतं. इंजिन वर गेल्यावर घोडी हलवायची नाही, गाडी मागं ढकलायची, म्हणजे गाडीच्या मागं पंधरा फूट जागा मोकळी पाहिजे आणि तिथं शेजाऱ्याची बाइक नको, आदल्या रात्रीच सांगून ठेवा. गाडीखाली जाणार असाल तर लोखंडी स्टँड, विटा नकोत. वीट पिचते आणि सांगून पिचत नाही.

हत्यारं म्हणजे आठपासनं बावीसपर्यंतचे रिंग पाने, गोट्यांचा (सॉकेटचा) सेट, लांब दांडा, पुलर, व्हॉल्व स्प्रिंग दाबायचा क्लॅम्प, रिंग कॉम्प्रेसर, फिलर गेज. टॉर्क पाना विकत घ्यायला परवडत नसेल तर मागून आणा, पण त्याच्याशिवाय हेड बांधू नका, हाताच्या अंदाजानं बांधलेलं ॲल्युमिनियमचं हेड वाकतं. लेथवाल्याकडं गेलाच आहात तर क्लच प्लेट मधोमध बसवायला एक लाकडी डमी शाफ्ट पण करून घ्या, जुनी प्लेट दाखवली की तो काढून देतो, नाहीतर शेवटी गिअरबॉक्स जुळवताना गाडीखाली झोपून देव आठवतात.

आठवडाभर आधीपासनं सायलेन्सरच्या मॅनिफोल्डचे नट, बेल हाउसिंगचे बोल्ट, फाउंडेशनचे बोल्ट यांच्यावर रोज संध्याकाळी गंज सोडवायचा स्प्रे मारा. मी एकदा ही वाट न बघता जोर केला, स्टड हेडमध्येच मोडला आणि तो काढायला दोन दिवस गेले.

डबे. शेंगाचटणीच्या रिकाम्या बरण्या मी वर्षभर साठवतो, बायकोला वाटतं मला चटणी आवडते. प्रत्येक बरणीत एका जागेचेच बोल्ट आणि वर चिठ्ठी. पुशरॉड पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून क्रमानं खोचायचे, जो जिथनं निघाला तिथंच परत. कनेक्टिंग रॉड आणि त्याची टोपी ही जोडी फोडू नका, मेन बेअरिंगच्या टोप्या पण तशाच, कारण टोपी बांधूनच ते भोक मारलेलं असतं, दुसरीशी जुळणार नाही. मार्करच्या खुणा डिझेलमध्ये पुसल्या जातात, म्हणून सेंटर पंचनं कडेला ठिपके, एक नंबरला एक, दोनला दोन. हँडल गिअरच्या सळ्यांचे तर दहा बाजूंनी फोटो काढा, उलट्या जोडल्या की रिव्हर्स कुठं आणि पहिला कुठं. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, तरी प्लगच्या वायरींना चिठ्ठ्या लावा.

माणूस एक तरी सोबत पाहिजे, तो उत्साही नसला तरी चालेल, उलट नसलेलाच बरा. चप्पल घालून काम करणार असेल तर त्याला घरी पाठवा. पेट्रोलची लाइन काढून तोंडाला बोल्ट खोचा, वाळूची बादली जवळ ठेवा, जळकं ऑइल कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या, गटारात नको. रात्री काम थांबलं की प्रत्येक भोकाला फडकं आणि वर प्लास्टिक, आमच्याकडं उंदरानं इनटेकमध्ये शेंगा साठवल्या होत्या.

आदल्या संध्याकाळी गाडी धुऊन घ्या, खालची ऑइलची पुटं डिझेल-ब्रशनं काढा, मग इंजिन गरम करून ऑइल सोडून द्या आणि रात्रभर थंड होऊ द्या, गरम हेडचे बोल्ट सोडायचे नसतात. सकाळी बॉनेटच्या बिजागऱ्यांभोवती मार्करनं रेघ मारा, बॉनेट काढून आत पलंगामागं ठेवा, रेडिएटरचं पाणी सोडा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. आणि पिस्टन कुठल्या कुठल्या साइजचे आणि कुठं मिळतात हे त्या दिवसापर्यंत कळलं नसेल तर निगेटिव्ह परत जोडा.