आइसलंडला निघताना छत्री घरीच ठेवा

आइसलंडची बॅग भरताना सगळे थंडीचा विचार करतात. खरा त्रास देतो तो वारा. तिथे छत्री दोन मिनिटांत उलटी होते. त्यापेक्षा पाऊस-वारा अडवणारं जाकीट, तशीच वरून चढवायची पँट आणि आत लोकरीचे कपडे घ्या. जीन्स नको, एकदा भिजली की वाळता वाळत नाही. सेल्यालांड्सफॉस हा सुमारे 60 मीटरचा धबधबा पाण्याच्या पडद्यामागे जाऊन बघता येतो आणि तिथून कोरडं कुणी परतत नाही. तेव्हा पकड असलेले बूट, फोनसाठी प्लास्टिकची पिशवी आणि लेन्स पुसायला जुनं सुती कापड हवंच.

आइसलंडला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा) अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यात जायचं तर शेवटच्या महिन्यापर्यंत थांबू नका. भाड्याची गाडी घेताना विम्यात वाळू-राखेचं नुकसान धरलंय का, ते विचारून घ्या. गाडीचं दार उघडताना एका हाताने घट्ट धरा, वाऱ्याने ते मागे फिरलं तर भुर्दंड बहुधा आपल्यालाच. तिथे गाड्या उजवीकडून चालतात. ज्या रस्त्यांचे क्रमांक 'एफ'ने सुरू होतात, ते उन्हाळ्यातच उघडतात आणि फोर बाय फोर गाडीशिवाय त्यांवर जायचं नाही.

वीक गावाजवळच्या रेनिस्फ्यारा या समुद्रकिनाऱ्यावर काळी वाळू आणि बेसॉल्ट खडकाचे खांब आहेत. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल ही अशाच खांबांची टेकडी आहे, तिचे थेट भाऊबंदच! पण रेनिस्फ्याराला समुद्राकडे पाठ करून फोटो काढू नका. मधूनच एखादी लाट फार आत येते आणि माणूस ओढून नेते. इशाऱ्याचा लाल दिवा असेल तर खाली उतरूच नका. आपत्कालीन क्रमांक 112, फोनमध्ये आधीच साठवून ठेवा.

जूनमध्ये रात्र अशी होतच नाही, डोळ्यांवर बांधायची पट्टी लागेल. पोहण्याचे कपडेही घ्या, पण तलावात उतरण्याआधी सगळे कपडे काढून साबणाने अंघोळ करावी लागते, मनाची तयारी ठेवा. बाहेरचं जेवण महाग, म्हणून थेपले आणि उपम्याची पाकिटं. नळाचं गार पाणी बिनधास्त प्या; गरम पाण्याला मात्र बऱ्याच ठिकाणी गंधकाचा वास येतो. चांदीची जोडवी, पैंजण घरीच काढून ठेवा, त्या पाण्याने काळी पडतात.

स्त्रोक्कुर या उसळत्या गरम झऱ्याचा फवारा दर 5 ते 10 मिनिटांनी उडतो. तिथे गेल्यावर आधी वारा बघा आणि तो पाठीवर येईल अशा बाजूला उभे राहा.