पीट तापवून त्यातली ह्युमिक आणि फल्विक आम्लं कशी मोजावीत

पीट म्हणजे दलदलीत अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. ह्युमिक आणि फल्विक आम्लं त्या कुजण्यातूनच बनतात. आधी पीट खरं आहे ना, ते पाहा. रोपवाटिकेत मिळणारं कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुगा. तो इथे चालत नाही. स्फॅग्नम (दलदलीतल्या शेवाळाचं) पीट घ्या, तेही चुना किंवा खत न मिसळलेलं. चुन्यातलं कॅल्शियम ह्युमिक आम्लाला धरून ठेवतं आणि ते अल्कलीत (आम्लाच्या उलट, क्षारीय द्रवात) नीट उतरत नाही.

पीट सावलीत वाळवून 2 मि.मी.च्या चाळणीतून काढा. चिमूटभर पीट 105 अंश सेल्सिअसला सुकवून ओलावा किती ते ठरवा. मग कोरड्या हिशेबाने प्रत्येकी 5 ग्रॅमचे चार नमुने करा. एक तसाच ठेवा. बाकीचे मुशीत (उष्णता सोसणाऱ्या भांड्यात) घालून मफल भट्टीत (प्रयोगशाळेतल्या बंद भट्टीत) 150, 250 आणि 350 अंशांवर तासभर तापवा.

मुशीवर घट्ट झाकण हवंच. गरम पीटला हवा लागली की ज्वाळा न दिसताही ते आतून धुमसत राहतं आणि हाती राख येते. म्हणून मूस पूर्ण थंड झाल्यावरच उघडा. धुरात आंबूस, व्हिनेगरसारखा वास येतो. वनस्पतीच्या पेशीभित्तीतलं हेमिसेल्युलोज तुटून ॲसेटिक आम्ल सुटतं, त्याचा तो वास. हे काम फ्यूमहूडखालीच (धूर ओढून घेणाऱ्या कपाटात) करा. थंड झाल्यावर वजन घ्या.

आता न तापवलेल्यासह चारही नमुन्यांत प्रत्येकी 0.1 मोलर सोडियम हायड्रॉक्साइड (लिटरला 4 ग्रॅम) 50 मि.ली. घालून 4 तास हलवा. तापवलेला भुगा पाणी झिडकारतो आणि वर तरंगतो. आधी अल्कोहोलचे चार थेंब टाकून तो भिजवा. नळीत हवा कमीत कमी ठेवा, कारण अल्कलीत ही आम्लं हवेने ऑक्सिडीकृत होतात. सेंट्रिफ्यूज करून (यंत्रात वेगाने फिरवून) गडद द्रव वेगळा काढा.

त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबाथेंबाने घालत सामू (pH) 1 वर आणा आणि रात्रभर ठेवा. तळाशी तपकिरी साका बसतो, ते ह्युमिक आम्ल. वरच्या पिवळसर पाण्यात फल्विक. साका साध्या पाण्याने धुऊ नका, तो पुन्हा विरघळू लागतो. किंचित आम्लयुक्त पाणी वापरा, 60 अंशांवर सुकवा आणि तोला.

सगळ्यात जास्त चुका हिशेबात होतात. तापवल्यावर 5 ग्रॅमचे 4 ग्रॅम उरले आणि 0.8 ग्रॅम ह्युमिक आम्ल मिळालं, तर उरलेल्या वजनावर ते 20 टक्के दिसतं. मूळ वजनावर 16 टक्केच असतं. मूळ वजनच धरा, नाहीतर घट वाढीसारखी भासते.

फल्विक भाग सहसा आधी घटतो. मध्यम तापमानाला त्यातला काही संघनित होऊन (रेणू एकमेकांना जुळून) ह्युमिक गटात जातो, त्यामुळे तो गट थोडा वाढलेलाही दिसू शकतो. पुढे रेणूंवरचे कार्बोक्झिल (आम्लधर्मी) गट कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातात, रेणू अधिक ॲरोमॅटिक (कार्बनच्या कड्यांचे) बनतात आणि अल्कलीत विरघळणं थांबतं. म्हणून 350 अंशांच्या नमुन्याचा अर्क फिका आणि तळाचा भुगा काळाभोर दिसतो. ह्युमिक आम्ल काही मिलिग्रॅम 0.05 मोलर सोडियम बायकार्बोनेटमध्ये विरघळवून 465 आणि 665 नॅनोमीटरला प्रकाशाचं शोषण मोजा. त्यांचं गुणोत्तर जितकं कमी, तितके रेणू मोठे आणि घट्ट बांधलेले.