ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकसाठी उष्णता सोसणाऱ्या स्पार्क प्लग वायर कशा निवडाव्यात

खरेदीपूर्वी आपल्या इंजिनाला अशा वायर आहेत का, हे पाहून घ्यावे. डिझेल इंजिनात स्पार्क प्लगच नसतो, आणि प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असलेल्या पेट्रोल इंजिनात फार तर कॉइलचा रबरी बूट (प्लगच्या टोकावर बसणारी टोपी) बदलावा लागतो. पुढील विवेचन डिस्ट्रिब्युटरपासून (प्रत्येक प्लगला क्रमाने वीज पोहोचवणारा भाग) किंवा कॉइल पॅकपासून (एकत्र बसवलेल्या कॉइलींचा संच) प्लगपर्यंत वायर गेलेल्या पेट्रोल इंजिनांपुरते आहे.

जड ट्रेलर घेऊन चढ चढताना या वायरची दुहेरी परीक्षा होते. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे (सिलिंडरमधील तप्त धूर बाहेर नेणाऱ्या लोखंडी नळ्यांचे) तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ शकते आणि वेग कमी असल्याने बॉनेटखाली हवाही कमी खेळते; त्याच वेळी सिलिंडरमधील दाब वाढल्यामुळे ठिणगी पडण्यासाठी अधिक व्होल्टेज लागते. आवरण कमजोर झाले असेल, तर वीज प्लगमध्ये न जाता जवळच्या धातूकडे उडी मारते. म्हणूनच रिकामा ट्रक सुरळीत चालतो, पण भार लागताच इंजिन मिसिंग करू लागते, म्हणजे मध्येच ठिणगी चुकून झटके देते.

बाहेरील आवरण सिलिकॉनचेच असावे. सिलिकॉन रबर साधारण २०० अंशांपर्यंतची सततची उष्णता सोसते. ईपीडीएम या दुसऱ्या प्रकारच्या कृत्रिम रबराची मर्यादा त्याहून बरीच कमी असते. मात्र हे आकडे मॅनिफोल्डच्या तापमानाशी ताडून पाहिले, की तापलेल्या लोखंडाला टेकून कोणतीही रबरी वायर टिकणार नाही, हे स्पष्ट होते. त्यामुळे वेष्टनावर छापलेल्या वायरच्या जाडीला भुलू नये. ७ मिलिमीटरऐवजी ८.५ मिलिमीटरची वायर घेतल्याने ठिणगी बलवान होत नाही, उलट ती मूळ क्लिपमध्ये बसली नाही तर मॅनिफोल्डकडे लोंबकळते.

सर्वाधिक चिकित्सा बुटाची करावी, कारण उष्णतेच्या सर्वांत जवळ तोच असतो. जुना बूट सरळ होता, ४५ अंशांचा होता की ९० अंशांचा, हे पाहून तसाच घ्यावा. चुकीच्या कोनामुळे वायर नेमकी मॅनिफोल्डवर वाकते. बूट वारंवार जळत असतील, तर सिरॅमिक बूट हा उत्तम उपाय आहे, परंतु पाना निसटून लागला तर तो तडकतो. एरवी सिलिकॉन बुटावर काचतंतूची स्लीव्ह पुरेशी ठरते. कारखान्यातून आलेले धातूचे उष्णतारोधक कवच असल्यास ते पुन्हा बसवावे. अनेक ठिकाणी ते अडगळ समजून फेकले जाते.

आतील गाभा कार्बनचा किंवा सर्पिल तारेचा असावा. सर्पिल तारेचा गाभा अधिक टिकाऊ असतो आणि रेडिओ व संगणकीय नियंत्रणाला त्रास देणारा गोंगाटही दाबतो. संगणकीय नियंत्रण असलेल्या इंजिनात नुसत्या तांब्याचा गाभा असलेली वायर टाळावी.

बसवताना इंजिन थंड असावे आणि एका वेळी एकच वायर बदलावी, म्हणजे फायरिंग ऑर्डर (सिलिंडरमध्ये ठिणगी पडण्याचा क्रम) चुकत नाही. वायर ओढू नये. बूट थोडा फिरवून काढावा. नव्या बुटात डायइलेक्ट्रिक ग्रीसचा (वीज न वाहणाऱ्या ग्रीसचा) पातळ थर द्यावा, नाहीतर तो प्लगच्या चिनी मातीला चिकटून पुढच्या वेळी फाटतो. पहिल्या भारवाही प्रवासानंतर इंजिन निवल्यावर प्रत्येक बूट पाहावा. एखादा चकाकू लागला असेल किंवा कडक झाला असेल, तर नवी वायर आणण्याआधी तिचा मार्ग बदलावा.